कावीळ उतरली, पण धोका टळला का?

कावीळ झाली की आमच्या वस्त्यांतून आजही रुग्णाला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. गळ्यात माळ पडते, डोळ्यांचा पिवळेपणा जातो आणि रोग गेला म्हणून घर निश्चिंत होते. परंतु हिपॅटायटीस बी आणि सी हे विषाणू अनेकांच्या रक्तात वर्षानुवर्षे ठाण मांडून राहतात. कित्येकांना तर कावीळ कधी झालेलीच नसते. यकृत आतल्या आत निकामी होत जाते, सिरोसिस होतो आणि पुढे कॅन्सर. हिपॅटायटीस बी मध्ये तर सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. दुखू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात हिपॅटायटीस बीची लागण सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीची ५५ लाख लोकांना होती. यातील सिरोसिस झालेल्यांनी आणि डॉक्टर सांगतील त्या इतरांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, सोबत एएफपी ही रक्ततपासणी. चीनमधील शांघाय येथे १८ हजार ८१६ लोकांवर हा प्रयोग झाला. ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम ५८ टक्केच पार पडल्या, तरीही तपासणी झालेल्या गटात यकृताच्या कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. गाठ लहान असतानाच सापडली तर ती काढता येते, इतका हा साधा हिशेब आहे.

२८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करून या विषाणूंची तपासणी व औषधे मोफत केली. याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु सीचा विषाणू गोळ्यांनी गेला तरी झालेला सिरोसिस राहतो, आणि बी बहुधा फक्त आटोक्यात राहतो. म्हणजे सहामाही सोनोग्राफी चुकत नाही. रोजंदारीवाल्याला त्या रांगेतला प्रत्येक दिवस बुडालेल्या मजुरीचा असतो.

आता इस्पितळातील सुया आणि रक्ताळलेले बोळे कोण उचलतो ते पाहा. हे काम जातीने कोणाच्या माथी मारले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार या कामगारांना हिपॅटायटीस बीची लस देणे आणि वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणे इस्पितळावर बंधनकारक आहे. आमचा सवाल आहे : कंत्राटी सफाई कामगारांपैकी किती जणांच्या हाती लसीची नोंद आहे? आणि ज्याला आधीच लागण झाली आहे, त्याला लस उपयोगाची नाही. वर्षातून एकदाची तपासणीही त्याला पुरणार नाही.

म्हणून प्रत्येक सफाई कामगाराची रक्ततपासणी, लागण नसलेल्यास लस, गरज असलेल्यास भरपगारी रजेसह सहामाही सोनोग्राफी, आणि लागण निघाली म्हणून कोणालाही कामावरून काढणार नाही अशी लेखी हमी, या मागण्या कामगार संघटनांनी लावून धरल्या पाहिजेत. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. आणि बांधवांनो, तोवर माळेच्या भरवशावर राहू नका. रक्त तपासून घ्या. लागण निघालीच तर पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ती चुकवू नका.