रोग, थकबाकी आणि अडकलेला पैसा

रस्त्याला किंवा धरणाला जमीन गेली की मोबदल्याची रक्कम खात्यावर जमा होते आणि पाठोपाठ एजंट दारात उभा राहतो. 'ठेवीसारखंच आहे, व्याज मात्र जास्त,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. सही करण्याआधी शेतकरी बांधवांनी 2020 साल आठवावं.

त्या जानेवारीत सेन्सेक्स 42 हजारांवर गेला होता. कोरोना आला, आणि 23 मार्चला तो एका दिवसात 3,935 अंकांनी कोसळून 26 हजारांच्या खाली बंद झाला. रोगाच्या भीतीने बाजार पडला, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं. मोठी धास्ती थकबाकीची होती. दुकानं बंद, कारखाने बंद, मग कर्जाचे हप्ते भरणार कोण? म्हणून बँकांचे शेअर सेन्सेक्सपेक्षाही जास्त आपटले. पाऊस लांबला की सोसायटीच्या सचिवाचा चेहरा आधी उतरतो, तसंच हे. 27 मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, त्यात पीककर्जही होतं. (व्याज मात्र चालूच होतं, हे किती जणांना सांगितलं गेलं कोण जाणे!)

शेअर पुन्हा चढले. जानेवारी 2021 मध्ये सेन्सेक्सने 50 हजारांचा टप्पा गाठला. पण कर्जाऊ दिलेला पैसा असा उसळी मारून परत येत नाही. फ्रँकलिन टेंपलटन म्युच्युअल फंडाने 23 एप्रिल 2020 रोजी सहा योजना बंद केल्या. या योजना लोकांचा पैसा कंपन्यांना कर्जाऊ देत, आणि जास्त व्याजासाठी कमी पतीच्या कंपन्यांनाही देत. कोरोनात सगळेच पैसे मागू लागले, आणि त्या कर्जरोख्यांना गिऱ्हाईक मिळेना. सुमारे 25 हजार कोटी अडकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि पहिला हप्ता हाती पडला फेब्रुवारी 2021 मध्ये. पुढे मुद्दल मिळालं, हे मान्य. पण तोवर खरीप उलटून रब्बी काढणीला आली होती. बियाण्याचा दुकानदार एवढा थांबतो का?

बँकेतल्या ठेवीला 2020 पासून 5 लाखांपर्यंत विमा आहे. म्युच्युअल फंडाला तो नाही, पतसंस्थेलाही नाही. पेरणीचा आणि मुलीच्या लग्नाचा पैसा बँकेतच बरा. बाकीचा कुठं घालायचा असेल तर एजंटला दोनच गोष्टी विचाराव्यात: हा पैसा कर्जाऊ कोणाला जाणार, आणि मागितल्यावर किती दिवसांत मिळणार? उत्तर कागदावर घ्यावं. ग्रामसेवक, तलाठी मंडळींनी मोबदल्याचे कागद करताना एवढं सांगायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.