सोडतीचे तिकीट आणि दानाची पावती

चैत्र लागला की खानापूर तालुक्यात वैरणीचे भाव चढू लागतात आणि मुकी जनावरे सांभाळणाऱ्यांना दात्यांची दारे ठोठवावी लागतात. गेल्या वर्षी विट्यातील आमच्या स्नेहमेळाव्यात याच कामासाठी निधी जमवायचे ठरले. पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरण्याचा तरुणांना कंटाळा. त्यांनी ‘लकी ड्रॉ’ सुचविला. पन्नास रुपयांचे तिकीट, पहिले बक्षीस चांदीचे ताट. गलाईच्या गावात चांदी देणारा दाता मिळायला वेळ लागत नाही. बँकेत आयुष्य हिशेबातच गेल्यामुळे व्यवस्था माझ्याकडे आली.

ती मी चोख केली, हे सांगायला संकोच नाही. पन्नास तिकिटांची वीस पुस्तके, प्रत्येक पुस्तक सही घेऊन दिलेले. सोडतीपूर्वी स्थळप्रती आणि रोकड यांचा मेळ. न खपलेली तिकिटे सर्वांसमक्ष रद्द, कारण ती डब्यात पडली तर बक्षीस आयोजकांकडेच परत येण्याची शक्यता. कार्यकर्त्यांच्या घरच्यांनी तिकीट घ्यायचे नाही, असाही नियम केला. त्यावरून दोघे रुसले. चिठ्ठी एका लहान मुलीने काढली. हिशेबात एका पैचाही फरक पडला नाही.

मंडप आवरताना मात्र पायांखाली तिकिटांचा खच दिसला. बाहेर यंत्रमागावर काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ चपला शोधत होते. त्यांनी चार तिकिटे घेतली होती. “दोनशे गेले, साहेब,” ते हसून म्हणाले.

मी निरुत्तर झालो. त्या दोनशे रुपयांतून वैरण येणार होती. परंतु त्यांच्या लेखी ते गेले होते. दानाची पावती माणूस कपाटात जपून ठेवतो. दाता होऊ शकणाऱ्या माणसाला आम्ही हरवून घरी पाठविले होते.

सप्तव्यसनांत द्यूताचा क्रम पहिला. पन्नास रुपयांच्या तिकिटाला द्यूत म्हणणे काहींना अतिशयोक्ती वाटेल. त्या दिवसापर्यंत मलाही वाटे. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असा तिहेरी विचार आहे. त्यात खेळणाऱ्याबरोबर खेळविणाराही येतो, आणि खेळविणारा मीच होतो.

कायदा मी नंतर वाचला, हे बँकेतल्या माणसाला शोभणारे नाही. शासनाची स्वतःची लॉटरी महाराष्ट्रात १९६९ पासून आहे. परंतु शासनाची नसलेली वा शासनाने अधिकृत न केलेली सोडत काढण्यासाठी कचेरी किंवा जागा ठेवणे हा जुन्या दंडसंहितेच्या कलम २९४-अ प्रमाणे गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ प्रमाणेही तो आहे. हेतू परोपकाराचा, एवढ्याने त्या कलमातून सुटका होत नाही.

यंदा चांदीचे ताट पुन्हा आले. त्याचा उघड सवाल केला. बाकी सर्वांना पावत्या. जमा रक्कम गेल्या वर्षीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने घटली, आणि तरुणांनी ते लक्षात आणून दिले. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक खरा होता. सवालात बोलणारी घरे दहा-बारा. तिकीट मात्र सगळेच घेत. पन्नास रुपयेवाल्याला मंडपात स्थान कोणते?

म्हणून पन्नास रुपये देणाऱ्यांचीही नावे ध्वनिक्षेपकावरून वाचली. पाऊण तास लागला, भोजन लांबले, कुरबुर झाली. यंत्रमागवाले गृहस्थ आपले नाव येईपर्यंत थांबले होते. दुसऱ्या दिवशी ते पावती बदलून मागायला आले. तिच्यावर त्यांना आईचे नाव हवे होते. बदलून दिली.