जुनी आवृत्ति, नवें आकाश

फ्लाइट सिम्युलेटरवर विमान चालविण्याचा सराव करणारे आमचे कित्येक विद्यार्थी सुधारित आवृत्ति बसविण्यास कंटाळतात. 'जुनी चालते, मग पुरे!' हें बरें नव्हे. धावपट्टीचा अंक होकायंत्राच्या दिशेवरून ठरतो, आणि चुंबकीय उत्तर दिशा तर हळूहळू सरकत असते. म्हणूनच इंग्लंडांतील स्टॅन्स्टेड येथील ०५ ही धावपट्टी २००९ सालीं ०४ झाली. खऱ्या विमानांतील मार्गदर्शक माहिती दर २८ दिवसांनीं नवी होते. मग जुनाच अंक गिरविणारा चूकच पक्की करीत नाहीं काय?

मात्र उतावीळपणाहि नको. काय बदललें तें आधीं वाचावें व जुन्या आवृत्तीची प्रत जपून ठेवावी; कारण निराळीं जोडलेलीं विमानें नवीन आवृत्तींत कधीं कधीं चालत नाहींत. आपलें ज्ञान शिळें तर झालें नाहीं ना, हें वेळोवेळीं तपासणें हें विद्यार्थ्याचें कर्तव्यच होय.