‘निधि-निक्षेप’ आणि खनिजांचा वारसा

जमिनीच्या वारशाविषयी भारतीय भाषांतील साहित्याने विपुल लिहिले आहे. भाऊबंदकीतील वाटण्या, सावकाराकडील गहाण, कुळाचे बेदखल होणे हे कादंबरीचे परिचित विषय होत. मात्र त्याच शेताखालचा दगड किंवा धातू कोणाचा, हा प्रश्न बहुधा कागदपत्रांच्या भाषेतच राहिला. रायपूरसारख्या नगरीत या प्रश्नाची उपेक्षा करणे कठीण आहे. पूर्वी रायपूर जिल्ह्यातच मोडणाऱ्या बलौदाबाजार व गरियाबंद या भागांत सिमेंटचा चुनखडक, सोनाखानचे सोने आणि देवभोग परिसरातील हिरे आहेत. भोसल्यांच्या अमदानीपासून येथे मराठी घराणी स्थायिक झाली. त्यांपैकी काही पुढे मालगुजार होती. अशा घरांतील वारसांच्या मनात, आपल्या गावाखाली जे आहे त्याचे मोल काय, हा विचार अधूनमधून डोकावतो. त्याचे उत्तर बाजारभावात शोधले जाते. वस्तुतः ते प्रथम शब्दांत शोधावयास हवे. कारण वारशाने जे येते ते खनिज नसते, खनिजावरील हक्क असतो, आणि हक्क हा शब्दांनी घडतो.

मराठेशाहीतील इनामपत्रांत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ अशी शब्दमालिका वारंवार येते. दक्षिणेकडील दानपत्रांतील ‘अष्टभोग’ हे तिचे सोयरे होत. त्यांतही निधि, निक्षेप, जल व पाषाण यांचा उल्लेख असतो. या शब्दांना केवळ लेखनिकाचा अलंकार मानणे चुकीचे ठरेल. इनाम दिले ते जमिनीचे की तिच्या महसुलापुरते, हे ठरविताना मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी अशाच शब्दांचा अनेकदा कीस काढला.

या मालिकेतील शेवटचा शब्द विशेष विचारार्ह आहे. निधि म्हणजे पुरलेले धन. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेली ठेव. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर दुसरे स्थान निक्षेपाला आहे आणि तिसरे अस्वामिविक्रयाला, म्हणजे जी वस्तू आपली नाही ती विकण्याला. आधुनिक भूविज्ञानाच्या परिभाषेत खनिजाच्या साठ्यालाही ‘निक्षेप’ हाच शब्द योजला जातो. परिभाषाकारांच्या मनात ठेवीचा जुना अर्थ असेल वा नसेल, शब्दाने तो सोडलेला नाही.

रायपूरच्या वारसाची स्थिती मात्र या सनदी शब्दांवर अवलंबून राहिली नाही. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. 1860 च्या दशकातील बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. परंतु 1881 च्या मध्य प्रांत जमीन महसूल अधिनियमाने, बंदोबस्ताच्या नोंदीत किंवा सरकारी दानपत्रात स्पष्टपणे वेगळे म्हटले नसल्यास, खाणी व खनिजे सरकारची मानावीत असे ठरविले. भोसलेकालीन कागदातील शब्द नव्या बंदोबस्तात मान्य होऊन उतरले असतील, तरच त्यांना काही आधार उरला. पुढे मालकी हक्क नष्ट करणारा 1950 चा अधिनियम 31 मार्च 1951 रोजी अंमलात आला आणि मालगुजारांचे भूगर्भातील हक्क, कोठे असलेच तर, तेही राज्याकडे गेले. 1959 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 247 ने तेच तत्त्व कायम ठेवले आणि 2000 साली निर्माण झालेल्या छत्तीसगढ राज्यातही ते चालू आहे.

ही व्यवस्था साऱ्या भारतात एकसारखी नव्हती. कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये जमीनदार हाच भूगर्भाचा स्वामी गृहीत धरला जाई. म्हणूनच झरियासारख्या कोळसाक्षेत्रांत त्याला स्वामित्वशुल्क मिळत असे. तेथेही त्याच्या हाताखालील कायम पट्टेदाराने खनिजावर हक्क सांगितला असता, स्पष्ट शब्दांवाचून तो मिळत नाही, असा निर्वाळा प्रिव्ही कौन्सिलने दिला. मलबारच्या जन्मी जमिनींसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये असा निर्णय दिला की, कायद्याने हिरावून घेतलेले नसेल तर भूगर्भाचे स्वामित्व सामान्यतः भूमीच्या स्वामित्वामागून जाते. अमेरिकेत तर पृष्ठभाग एका कुळाकडे आणि खालचे खनिज दुसऱ्याकडे, असा विभक्त वारसाही चालतो. हे दाखले रायपुरात ऐकू आले म्हणजे वारसांच्या आशा पालवतात. परंतु मलबारच्या निर्णयातील अपवाद हाच रायपूरचा नियम आहे. येथे कायद्याने खनिजे स्पष्टपणे राज्याकडे दिली आहेत.

मग वारसाच्या हाती काहीच नाही काय? तसे म्हणणे यथार्थ होणार नाही. ज्याच्या नावे आज जमीन आहे त्याचा पृष्ठभागावरील हक्क शाबूत असतो. खनिजासाठी त्या पृष्ठभागास बाधा पोहोचल्यास भरपाई देण्याची तरतूद त्याच कलम 247 मध्ये आहे आणि भरपाई ठरल्यावाचून पट्टेदारास तेथे प्रवेश नाही. वारशाचे वास्तविक मूल्य जोखायचे असेल तर ते येथून जोखावे. वारसनोंद अद्ययावत आहे काय, वाटणी लेखी झाली आहे काय, बहिणींची नावे उताऱ्यावर आहेत काय, हे प्रश्न दगडाच्या दरापेक्षा अधिक निर्णायक असतात. आजोबांच्या मालगुजारीच्या आठवणीवर विसंबून नोंदीकडे दुर्लक्ष करणारा वारस, जे नाही त्याच्या मागे लागून जे आहे ते गमावतो.

तथापि या प्रश्नाला कुटुंबापलीकडची एक बाजू आहे आणि ती सोनाखानच्या नावातच प्रकट होते. तेथील बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी 1856 च्या दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातील धान्य भुकेल्या रयतेस वाटले. 10 डिसेंबर 1857 रोजी त्यांना रायपुरात फाशी देण्यात आली. 2016 मध्ये त्याच सोनाखान परिसरातील सुवर्णखंडाचा लिलाव झाला आणि एका खाजगी कंपनीने तो जिंकला. ज्या जमीनदाराने दुसऱ्याच्या साठ्यावरही भुकेल्यांचा हक्क मानला, त्याच्या भूमीतील साठा सर्वाधिक बोलीला जावा, यातील विसंगती कायद्याच्या भाषेत मांडता येत नाही. साहित्याच्या भाषेत ती मांडता येण्यासारखी आहे.

छत्तीसगढच्या नद्यानाल्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारा सोनझरा समाजही येथे स्मरणीय आहे. मालगुजाराच्या वारसाकडे कागद आहे, पण खनिजावर हक्क नाही. सोनझऱ्याकडे बापाकडून आलेली विद्या आहे, पण कागद नाही. खनिजाच्या वारशाची चर्चा पहिल्यापुरती मर्यादित ठेवणे हे अभ्यासकांना शोभणारे नाही.

या दृष्टीने मराठी भाषकांना निकट असलेले गोव्याचे उदाहरण उद्बोधक आहे. पोर्तुगीज राजवटीने दिलेल्या खाणसवलती मुदतीच्या बंधनावाचून वारसाहक्काने चालत. 1987 च्या अधिनियमाने त्या रद्द केल्या व 20 डिसेंबर 1961 पासून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाल्याचे मानले. पिढीजात म्हणून जे भोगले जात होते ते मुदतीचे ठरले. पुढे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. पुढच्या पिढ्याही वारस आहेत, हे तत्त्व त्यामागे आहे.

खनिज आणि शेत यांच्या वारशातील मूलभूत भेद येथे लक्षात येतो. शेत दरवर्षी पिकते, खाण एकदाच. तिच्यापासून मिळणाऱ्या धनास ‘उत्पन्न’ म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे, कारण ती मुद्दलाची विक्री असते. हे विधान खाजगी मालकास लागू आहे तितकेच राज्यासही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 25 जुलै 2024 रोजी स्वामित्वशुल्क हा कर नव्हे, असे ठरविले. ते खाणपट्ट्याच्या मोबदल्यात द्यावयाचे शुल्क होय. राज्याच्या पदरी पडणारी ती रक्कम ठेवीच्या बदल्यात आलेली आहे, हे भान अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी ठेवले तर निक्षेप या शब्दाचा मान राहील. ठेव सांभाळणाऱ्याने तीच आपली मिळकत मानली, तर मनूच्या क्रमातील दुसऱ्या पदावरून तिसऱ्यावर जाण्यास वेळ लागत नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना यात काम आहे. नागपूर, रायपूर, बिलासपूर येथील घरांत मोडी लिपीतील दप्तरे अजून पडून आहेत. ती वाचू शकणारे मात्र विरळ होत चालले आहेत. त्या कागदांतून वारसांना धन मिळेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु दोनशे वर्षांपूर्वी या भूमीवर पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेले धन आणि ठेव हे सात हक्क कोणत्या क्रमाने व कोणत्या अर्थाने मोजले जात, याची साक्ष त्यांत आहे. खाणीचा पट्टा पन्नास वर्षांत संपेल. ही साक्ष वाळवीच्या हाती दिली नाही तर टिकेल.