चाकरी घेतली, मग उपचार का नाकारता?



बीड जिल्ह्यात पहाटे कोणत्याही रस्त्याने जा, अंधारात धावणारी मुलेमुली दिसतील. पोलीस भरती आणि सैन्य भरती ह्यांवाचून त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरे काही नसते. ज्या घरची माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पहिला पगार पुष्कळदा वर्दीचाच असतो. म्हणून वर्दीचा करार काय आहे, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. सरकार शिपायाचे शरीर मागते. ऊन, पाऊस, जागरण आणि गोळी ह्यांच्यापुढे ते शरीर उभे करण्याची शपथ त्याच्याकडून घेते, आणि त्याच्या बदल्यात वेतन, निवृत्तिवेतन व दवाखाना देण्याचे वचन देते. दवाखाना ही बक्षिसी नाही, तो कष्टाचा मोबदला आहे. तृतीयपंथी सैनिकाच्या बाबतीत सरकार हे वचन मोडते आणि मोडताना नियमाचे पुस्तक पुढे धरते, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. माजलगाव तालुक्यातील राजेगावचे ललित साळवे 2010 साली महिला शिपाई म्हणून पोलीस दलात दाखल झाले. पुढे वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषाचे गुणसूत्र असल्याचे आढळले. तृतीयपंथी सैनिकाचे प्रकरण आणि हे प्रकरण वैद्यकीय दृष्ट्या एकच नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु सरकारी कचेरीने दोघांनाही जो प्रश्न विचारला तो एकच होता: तू कोणत्या रकान्यात बसतोस? साळवे ह्यांनी 2017 च्या सप्टेंबरात शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. पायाचे हाड मोडले असते तर ही रजा मिळाली असती. येथे मात्र महिला म्हणून भरती झालेल्यास पुरुष म्हणून ठेवता येईल काय, उंचीचे व छातीचे माप कोणते धरावे, असा काथ्याकूट सुरू झाला व रजा नाकारली गेली. नोव्हेंबरात ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा नोकरीविषयक वाद आहे, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जा, असे त्यांस सांगण्यात आले. अखेर प्रकरण मुख्यमंत्र्यांपर्यंत पोहोचले, तेव्हा कोठे गृहखात्याची अनुमती आली आणि 25 मे 2018 रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. साळवे पुरुष शिपाई म्हणून सेवेत परतले, त्यांनी संसार थाटला, 2024 च्या जानेवारीत ते पिता झाले. पोलीस दलाची शिस्त ह्यामुळे कोठे बिघडली काय?

साळवे ह्यांस न्याय मिळाला ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ज्या न्यायासाठी शिपायाला थेट मुख्यमंत्र्यांचा दरवाजा ठोठवावा लागतो, त्याला हक्क म्हणता येत नाही. ती मेहेरबानी झाली. मेहेरबानी एकाला मिळते, दुसऱ्याला मिळत नाही.

दुसऱ्याला ती कशी मिळत नाही, ह्याचा दाखला त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मिळाला. माजलगावचा शिपाई रजेच्या अर्जाचा पाठपुरावा करीत असताना विशाखापट्टणम येथे नौसैनिक साबी गिरी ह्यांस नौदलातून काढून टाकण्यात आले. त्याही 2010 सालीच भरती झाल्या होत्या. 2016 साली रजेवर असताना त्यांनी लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर आपणास कित्येक महिने मनोविकाराच्या कक्षात ठेवण्यात आले, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. शेवटी 'सेवेची आता आवश्यकता नाही' ह्या कलमाखाली त्यांना घरी पाठविण्यात आले. सात वर्षे आवश्यकता होती, ती एका शस्त्रक्रियेने संपली!

आता ह्या एका कलमाचा हिशेब पाहा. माजी सैनिकांच्या उपचारासाठी 1 एप्रिल 2003 पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना चालते. तिचा मुख्य आधार निवृत्तिवेतन हा आहे. नौसैनिकाला निवृत्तिवेतन मिळण्यास सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांची सेवा लागते. सातव्या वर्षी ज्यास बाहेर काढले त्याला निवृत्तिवेतन नाही, आणि निवृत्तिवेतन नाही म्हणून दवाखान्याचे कार्डही नाही. म्हणजे एका हुकुमाने नोकरी गेली आणि म्हातारपणीचे औषधही गेले. ज्या उपचारांची गरज जन्मभर राहते, त्याच उपचारांचे दार अशा रीतीने बंद होते. आत जो तृतीयपंथी सैनिक मूकपणे नोकरी करीत आहे, त्याला ह्यातून कोणता धडा मिळतो? दुखणे लपव, वैद्याशी खोटे बोल आणि पंधरा वर्षे कशीबशी काढ, हाच धडा मिळतो. शूर माणसाला भेकड बनविणारा नियम सैन्याच्या हिताचा कसा ठरतो?

कायदा ह्याविषयी मुका राहिलेला नाही. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आपण कोण आहोत हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. 2019 साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्करक्षणाचा कायदा केला आणि त्याच्या 15 व्या कलमात शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार व विम्याची जबाबदारी सरकारवर टाकली. 2022 च्या ऑगस्टमध्ये आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा करारही झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर महाराष्ट्र सरकारने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी जागा केली. नागरिकाला कागदावर का होईना, पण हक्क दिला. मग ज्याने देशासाठी बंदूक उचलली त्याने नागरिकापेक्षा कमी काय केले?

ह्यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला आक्षेप असा की, सैन्याला तंदुरुस्त माणूस लागतो. लागतो ना! परंतु जहाजावर पाठविण्यास योग्य कोण, हा एक प्रश्न आहे आणि उपचार कोणाचे करावेत, हा दुसरा. सुरुंगात ज्याचा पाय गेला तो सैनिकही रणांगणास योग्य राहत नाही. म्हणून त्याला दवाखान्याबाहेर काढतात काय? दुसरा आक्षेप असा की, हे त्याने स्वखुशीने केले. सर्वोच्च न्यायालयाने ज्यास मूलभूत हक्क म्हटले, त्यास खूळ म्हणण्याचा अधिकार कचेरीतल्या अधिकाऱ्याला कोणी दिला? तिसरा आक्षेप असा की, अशी माणसे आहेतच किती? बरे, थोडी असतील तर खर्चही थोडाच होईल. शिवाय हक्क डोकी मोजून वाटावयाचे असतील, तर आपल्यासारख्यांनी कोणत्या तोंडाने काही मागावे?

हे आपण विसरू नये. पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महार सैनिकांवर ब्रिटिशांनी लष्कराची दारे बंद केली, तेव्हा 1894 साली गोपाळबाबा वलंगकर ह्या निवृत्त सैनिकाने त्याविरुद्ध अर्ज तयार केला. तेव्हाही सरकारची भाषा हीच होती: तुमची आता गरज नाही. ही भाषा ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ऐकली, त्यांनी ती दुसऱ्याच्या बाबतीत मुकाट्याने ऐकू नये.

आणि मिळालेल्या सवलतीवर विसंबून राहणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथील माजी सैनिक खात्याने 2011 पासून तृतीयपंथी सैनिकांना संप्रेरक उपचार दिले. 17 मार्च 2025 रोजी त्याच खात्याने हे उपचार टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. ज्यांचे आधीच चालू होते त्यांनाच ते पुढे चालू ठेवण्याची मुभा राहिली. खात्याच्या परिपत्रकाने जे दिले ते खात्याच्याच परिपत्रकाने काढून घेतले. म्हणून आमची मागणी परिपत्रकाची नाही, कायद्याच्या आधाराने केलेल्या नियमाची आहे. लिंगओळखीच्या कारणावरून कोणत्याही सैनिकास काढू नये. ज्यास काढले आहे त्याची सेवा, वर्षे न मोजता, आरोग्य योजनेस पात्र धरावी. आणि वर्दीतील कोणाही माणसास अशा उपचारांची रजा इतर आजारांप्रमाणेच मिळावी.

शेवटचा शब्द घरांसाठी आहे. उद्या पहाटे धावायला जाणारे तुमचेच लेकरू रात्री उंबऱ्यावर बसून सांगेल की, मी तुम्हांला वाटतो तो नाही. त्या रात्री तुम्ही त्याला घराबाहेर काढलेत, तर सरकारने 'आवश्यकता नाही' म्हटले ह्याबद्दल सरकारला जाब विचारण्याचा अधिकार तुम्ही गमावलात. त्याला आधी घरात घ्या. मग त्याचा हात धरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढा, आणि दान मागावयास नव्हे, थकलेली मजुरी मागावयास आलो आहोत, असे ताठ मानेने सांगा.