शेजारी कोण उभं होतं?

गेल्या महिन्यात माझ्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीने काढायचं ठरलं. सर्जनसाहेबांच्या भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग. मास्तरची खोड, सगळी वाचली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं होतं ते दोन दिवसांच्या कार्यशाळेचं! विचारलं, "डॉक्टर, यानंतरच्या पहिल्या शस्त्रक्रियांना तुमच्या शेजारी कोण उभं होतं?" साहेब हसले. "आजोबा, काळजी करू नका."

हे उत्तर नव्हे! घरी येताना पुतण्या म्हणाला, "काका, डॉक्टरांना असं विचारतात का?" का नाही विचारायचं?

बी.एड.ला आमचे सराव पाठ व्हायचे, तेव्हा मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसायचे. फळ्यावरचं अक्षर तिरकं गेलं तरी शेरा! आणि चुकलेला पाठ उद्या पुन्हा घेता येतो हो, चुकून कापलेली पित्तनलिका पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

ही विद्या हाताला उलटी. हात डावीकडे नेला की पोटातलं टोक उजवीकडे जातं, पडद्यावर खोली कळत नाही, बोटांना स्पर्श नाही. १९९१ साली अमेरिकेतल्या सर्जनांच्या एका गटाने १५१८ शस्त्रक्रियांचा हिशेब छापला. प्रत्येक पथकाच्या पहिल्या १३ रुग्णांत पित्तनलिकेला इजा २.२ टक्के, पुढच्यांत ०.१ टक्का. म्हणजे बावीसपट फरक! हात शिकतो हे खरं, पण कोणाच्या पोटावर?

यावर म्हणतात, "तालुक्याच्या गावी गुरू कुठून आणायचा? इतक्या अटी घातल्या तर दुर्बीण खेड्यात पोचणारच नाही." मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. उडवाडियांनी भारतातली अशी पहिली पित्ताशय-शस्त्रक्रिया केली ती १९९० साली. इतक्या वर्षांत शिकवणारे तयार झालेच आहेत की! शिष्याला दोन दिवस शहरात बोलावण्यापेक्षा गुरूने महिन्यातून दोन दिवस त्याच्या गावी जावं. आणि इथे तर गुरुशिष्य दोघांना पडद्यावर एकच चित्र दिसतं. शिकवायला याहून सोयीचं काय हवं?

प्रमाणपत्रावर दिवस नकोत, देखरेखीखाली केलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा हवा आणि खाली गुरूची सही.

मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. तोच प्रश्न विचारला. त्या जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्या चाळीस रुग्णांना आमचे सर शेजारी होते. दोनदा त्यांनी माझा हात धरून थांबवला."

सोमवारी त्यांच्याकडेच शस्त्रक्रिया आहे. तुम्हीही विचारत जा, मंडळी. लाजू नका.