लशीच्या दिवसाचा खाडा कापू नका



ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीच्या रफिक नगरात एकाच कुटुंबातली तीन लहान मुलं अवघ्या दोन दिवसांत दगावली. संशय होता गोवराचा. पाठोपाठ साथ फैलावली, चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय गोवराच्या मुलांनी भरू लागलं, केंद्राचं पथक मुंबईत आलं आणि पालिकेच्या आरोग्यसेविका ताप-पुरळ शोधत गल्लोगल्ली फिरल्या. ती साथ ओसरली. पण ती ज्या कारणांनी पसरली, त्यातली मोठी कारणं आजही जिथल्या तिथं आहेत. थंडीच्या तोंडावर गोवर पुन्हा डोकं वर काढायच्या आत आपण सर्वांनी हलायला हवं, म्हणून हे आवाहन.

देशातलं देवीचं पहिलं लसीकरण १८०२ मध्ये याच मुंबईत, एका तीन वर्षांच्या मुलीला झालं. प्लेगची लस वाल्डेमार हाफकिन यांनी याच शहरात तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच शहरात, १९८५ पासून सरकारी लसीकरणात असलेल्या आणि एक पैसाही न पडणाऱ्या गोवराच्या लशीवाचून मुलं मरतात, ही आपल्या सर्वांची नामुष्की आहे.

आईबापांच्या ‘अडाणीपणा’वर बोट ठेवून मोकळं होणं सोपं आहे. काही घरांत लशीची भीती आहे, गोवर म्हणजे देवीचा कोप असंही काही ठिकाणी मानतात. पण एकदा लसीकरणाचं वेळापत्रक आणि कष्टकरी आईचा दिवस शेजारी शेजारी ठेवून बघा. जन्माच्या वेळच्या लशी झाल्या की बाळाला दीड महिन्याचं, अडीच महिन्यांचं आणि साडेतीन महिन्यांचं असताना न्यायचं. मग गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे किमान पाच खेपा. लसीकरण सहसा सकाळी सुरू होऊन दुपारी आटोपतं आणि नेमक्या त्याच वेळी ती तीन घरची भांडी घासत असते, देवनारच्या कचऱ्यातलं प्लास्टिक निवडत असते किंवा नाक्यावर काम मिळण्याची वाट बघत असते. लस फुकट असते, पण त्या दिवसाचा रोज बुडतो.

सुरुवातीच्या खेपांतल्या पेंटा लशीच्या इंजेक्शननंतर बाळाची मांडी सुजते, रात्री अंग तापतं, ते खाली ठेवू देत नाही. यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण दुसऱ्या दिवशीही आई कामावर जाऊ शकत नाही आणि खाडा दुसरा पडतो. सासू गावी, तिची आईही गावी. मोठं मूल सांभाळायला कोणी नाही, पाळणाघर परवडत नाही. पुढच्या डोसाच्या वेळी ती म्हणते, ‘पुढच्या महिन्यात बघू.’ कार्डावरचे रकाने मोकळे राहतात ते असे.

दोन-चार किलोमीटरवरच्या टॉवरमधल्या आईला डॉक्टरांकडून डोसाची आठवण येते. संध्याकाळची वेळ मिळते, घरी आजी किंवा सांभाळणारी बाई असते. नोकरी असेल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने सव्वीस आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजाही असते. त्या आईला हे सगळं मिळतं ते योग्यच आहे, प्रत्येक आईला मिळायला हवं. पण तिच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातलं काहीच का मिळू नये?

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. तो रोखायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. पंचाण्णवचा तो आकडा नुसत्या घोषणांनी गाठता येणार नाही. त्यासाठी आपण प्रत्येकाने काय करायचं, ते सांगतो.

१. घरी कामाला येणाऱ्या ताईंना लशीच्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्या. त्यांनी मागायची वाट बघू नका, आपणहून सांगा.

२. कारखानदार, जरीकामाचे मालक आणि बांधकामाचे ठेकेदार यांनीही आईचा तो रोज कापू नये. वडील बाळाला नेणार असतील, तर त्यांचाही कापू नये.

३. सोसायट्यांनी हॉल रविवारी लसीकरणासाठी द्यावा. २०२१ मध्ये कोविडच्या लशीसाठी आपल्याच आवारात शिबिरं झाली होती. आता वॉचमन, सफाई कामगार आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलांसाठी जवळच्या आरोग्य केंद्राशी बोला.

४. महिला मंडळं आणि बचत गटांनी लशीच्या दिवशी मोठी भावंडं सांभाळायची जबाबदारी घ्यावी. एका आईचे दोन-तीन तास मोकळे झाले तरी डोस होतो.

५. तरुणांनी कागदपत्रांसाठी एक रविवार द्यावा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरा हप्ता जन्मनोंदणी आणि सुरुवातीच्या लशी पूर्ण झाल्यावर मिळतो. जन्मदाखला किंवा बँक खात्यापायी तो अडकून राहू नये. अर्ज भरून द्या, खिडकीपर्यंत सोबत जा.

आईबापांनाही विनंती आहे. डोस चुकला म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथं थांबलं तिथून पुढे चालू करा. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मिळतो. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नका. ताप आणि अंगावर पुरळ दिसलं, तर घरी ठेवून वाट बघू नका. लगेच दवाखान्यात न्या. तिथं जीवनसत्त्व ‘अ’चे डोसही देतात, त्याने जीव वाचतो.

आणि पालिकेकडे आपण सर्वांनी मिळून मागायचं ते असं: वस्त्यांमध्ये संध्याकाळी आणि रविवारी लसीकरण ठेवा. बाळ एकच आलं असेल तरी कुपी उघडा, ‘चार जणं जमली की या’ म्हणून आईला परत पाठवू नका. कार्ड हरवलं, आधार नाही, पत्ता गावचा आहे, या कारणांवरून कोणालाही परतवून लावू नका. अंगणवाडीला जोडून पाळणाघरं सुरू करा. आणि ज्यांच्या पायांवर हे सगळं काम चालतं, त्या आरोग्यसेविकांना घर चालेल इतका पगार द्या. आपापल्या नगरसेवकाला आणि वॉर्ड ऑफिसला या मागण्या लेखी द्या. मिळालेल्या उत्तराचा पाठपुरावा करा.

सुरुवात मात्र उद्या सकाळी घरातूनच करा. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचे आणि कामवाल्या ताईंचे खाडे मांडतो, त्याच कॅलेंडरवर ताईंना विचारून त्यांच्या बाळाच्या पुढच्या डोसाची तारीख लिहा. त्या तारखेपुढे आणि दुसऱ्या दिवसापुढे ठळक अक्षरांत लिहा: पगारी सुट्टी.